स्टोमाच्या पिशवीत नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले तर : काय तपासावे, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावे

हा मजकूर मुख्यतः इलिओस्टोमी असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या लहान आतड्याचे टोक पोटावर आणून बसवले आहे त्यांच्यासाठी आहे. पोटावरील या तोंडाला स्टोमा म्हणतात. कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणणे) आणि युरोस्टोमी (लघवीची वाट पोटावर काढणे) यांच्याविषयी जे वेगळे सांगावे लागते ते शेवटाकडे थोडक्यात दिले आहे. स्टोमा परिचारिका म्हणून काम करताना "सिस्टर, आज पिशवीत काहीतरी वेगळंच आलंय" हा फोन इतक्या वेळा येतो, की त्यावर विचारायचे प्रश्न आणि त्यांचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच क्रम येथे लिहिला आहे. आजवरच्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते : माणसे रंग पाहून घाबरतात आणि पाण्यासारखा मल पाहून "होईल उद्यापर्यंत ठीक" म्हणून स्वस्थ बसतात. धोका बहुतेक वेळा याच्या उलट असतो.

तीव्र पोटदुखी, उलट्या, न थांबणारे रक्त किंवा काळा-जांभळा पडलेला स्टोमा यांपैकी काही असेल, तर पुढील तपासण्या करत बसू नये. थेट "येथे थांबा" या भागाकडे जावे.

लक्षणे

फोनवर सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी पुढीलप्रमाणे असतात.

- पिशवीत नुसते पाणी येते. पिशवी तासा-दीड तासाने भरते. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते.
- कित्येक तास काहीच आलेले नाही, किंवा फक्त पातळ, अतिशय दुर्गंधीयुक्त पाण्याची चिळकांडी येते आणि सोबत पोटात कळा येतात.
- रंग बदलला आहे : लाल, काळा, हिरवा, नारिंगी किंवा पांढुरका.
- रक्त दिसते आहे.
- भाजीचे तुकडे, टोमॅटोची साल, मक्याचे दाणे किंवा अख्खी गोळी जशीच्या तशी बाहेर आली आहे.
- मल तेलकट, चकचकीत आहे आणि पिशवीला चिकटून राहतो.

आधी नेहमीचे काय, हे ठाऊक हवे

निरोगी माणसात दिवसाकाठी साधारण दीड लिटर पातळ मल लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात जातो आणि तेथे त्यातले बहुतेक पाणी व मीठ परत शोषले जाते. इलिओस्टोमीत ही दुसरी पायरीच वगळली जाते. त्यामुळे इलिओस्टोमीचा मल कधीच घट्ट नसतो आणि तसा तो व्हावा अशी अपेक्षाही ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो बराच पातळ असतो. पुढे लहान आतडे थोडेफार जुळवून घेते आणि २४ तासांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ५०० ते ८०० मिलीच्या आसपास स्थिरावते. त्या वेळी मल इडलीच्या पिठाइतका दाट असेल, तर काळजीचे कारण नाही. भाज्यांच्या साली, बिया आणि कोथिंबिरीची पाने न पचता दिसणे हेही नेहमीचेच आहे.

मात्र प्रत्येकाचे "नेहमीचे" वेगळे असते. ज्याचे रोजचे प्रमाण ६०० मिली आहे त्याला १२०० मिली झाले तर तो मोठा बदल आहे. ज्याचे रोजचेच १००० मिली आहे त्याच्यासाठी तेवढा नाही. म्हणून सर्व ठीक असतानाच दोन-तीन दिवस मोजून आकडा लिहून ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगते. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि मग बिघाड झाल्यावर तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो.

तपासणी १ : काल काय खाल्ले, कोणती गोळी घेतली?

ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटात होते. रंगाविषयीच्या तक्रारींपैकी मोठा भाग येथेच निकाली निघतो.

लाल रंगाचे पहिले कारण बीट. बिटाची कोशिंबीर, पराठा किंवा रस घेतल्यानंतर काही तासांतच पिशवीत लालभडक पाणी दिसू शकते, कारण इलिओस्टोमीत अन्नाचा प्रवास आखूड असतो. लाल रंगाची सरबते आणि टोमॅटोची साल यांमुळेही असा घोटाळा होतो. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा किंवा काळपट हिरवा होतो. हिरवा रंग पालकासारख्या पालेभाजीमुळे येतो. तसेच मल आतड्यातून वेगाने सरकला, तर पित्ताचा रंग बदलायला वेळ मिळत नाही आणि तो हिरवाच बाहेर पडतो. म्हणजे हिरवा रंग आणि पातळपणा एकत्र दिसले, तर लक्ष रंगाकडे न देता पातळपणाकडे द्यावे.

नारिंगी रंगाबाबत मुद्दाम लिहिते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हे स्टोमा करावा लागण्याचे एक नेहमी आढळणारे कारण आहे आणि क्षयरोगावरील उपचारात रिफॅम्पिसिन असते. या औषधाने लघवी, घाम, अश्रू आणि मल यांना नारिंगी-लालसर छटा येते. त्याला घाबरून औषध बंद करणे ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. रंग निरुपद्रवी आहे, अर्धवट सोडलेला उपचार तसा नाही.

हे तपासणे महत्त्वाचे अशासाठी, की अन्नामुळे आलेला रंग तो पदार्थ बंद केल्यावर एक-दोन दिवसांत जातो. तो गेला नाही, किंवा तसे काही खाल्लेलेच नाही, तर कारण आत आहे असे धरून पुढे जावे. लोहाची गोळी चालू नसताना मल डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा येत असेल, तर जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तेथे घरगुती तपासणी संपते. मल पांढुरका, मातकट झाला असेल आणि सोबत डोळे पिवळे व लघवी गडद दिसत असेल, तर पित्ताच्या मार्गात अडथळा असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तपासणी २ : स्टोमाकडे नीट पाहा

पिशवीतील मल पाहणारे पुष्कळ असतात, स्टोमा पाहणारे कमी. चांगल्या उजेडात, पिशवी बदलताना, तो पाहावा. तो लाल किंवा गुलाबी आणि ओलसर असला पाहिजे. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते. त्याला इजा झाली तरी दुखत नाही, म्हणूनच डोळ्यांनी पाहणे हा एकच मार्ग उरतो.

रक्त दिसले असेल तर ते कोठून येते हे ठरवावे. ओल्या मऊ कापडाने स्टोमाचा पृष्ठभाग हलक्या हाताने पुसावा. पुसताना बाहेरच्या बाजूने थेंब-दोन थेंब रक्त आले आणि कापड थोडा वेळ दाबून धरल्यावर थांबले, तर ते बहुधा पृष्ठभागावरील बारीक रक्तवाहिन्यांचे असते. स्टोमा म्हणजे त्वचा नव्हे, आतड्याचे आतले अस्तर; ते नाजूक आणि रक्ताने भरलेले असते. हिरड्यांप्रमाणे ते घासल्यावर रक्त येते. बेसप्लेटचे, म्हणजे पिशवी धरून ठेवणाऱ्या, त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचे, भोक फार घट्ट कापले असेल, तर त्याची कड रोज स्टोमाला घासते आणि रोज थोडे रक्त येते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, त्यामुळे त्या काळात दर वेळी माप घेऊनच भोक कापावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर असे रक्त अधिक वेळ येते, हेही ध्यानात असू द्यावे.

रक्त स्टोमाच्या तोंडातून, म्हणजे आतून येत असेल, मलात मिसळलेले असेल, गाठी असतील, किंवा दहा मिनिटे दाबूनही थांबत नसेल, तर घरी थांबू नये.

तपासणी ३ : मोजा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी आहे. "पिशवी आठ वेळा रिकामी केली" या वाक्यातून मला काहीच कळत नाही. कोणी पिशवी पाव भरल्यावर रिकामी करतो, कोणी ती ओघळेपर्यंत थांबतो. (एक तृतीयांश ते निम्मी भरली की ती रिकामी करावी, त्याहून जड झाली की वजनाने बेसप्लेट सुटू लागते.)

मोजमापासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून टाकावा. खोकल्याच्या औषधासोबत येणाऱ्या मापाच्या टोपणाने किंवा स्वयंपाकघरातील मापाच्या पेल्याने १०० मिली पाणी ओतावे, पातळी जेथे येईल तेथे बाहेरून न पुसणाऱ्या मार्करने रेघ मारावी, आणि असे करत वरपर्यंत जावे. हे भांडे केवळ याच कामासाठी न्हाणीघरात ठेवावे. प्रत्येक वेळी पिशवी आधी त्यात रिकामी करावी, आकडा आणि वेळ भिंतीवरील कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहावी, मग मल शौचकूपात ओतून भांडे धुवावे. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, असे पूर्ण २४ तास मोजावे. जमल्यास लघवीही अशीच मोजावी, अर्थात दुसऱ्या भांड्यात.

मल १००० मिलीच्या आत असेल आणि माणूस ताजातवाना असेल, तर पुढील तपासण्या सावकाश केल्या तरी चालतात. १००० ते १५०० मिलीच्या दरम्यान असेल, तर पाचवी आणि सहावी तपासणी त्याच दिवशी करावी. २४ तासांत १५०० मिलीच्या वर गेला, तर त्याच दिवशी आपल्या शल्यविशारदांना किंवा स्टोमा परिचारिकेला आकड्यासह कळवावे. २००० मिलीच्या वर गेला, तर दवाखान्यात जाण्याची तयारी करावी. येथून पुढे तोंडाने घेतलेले द्रव पुरे पडेलच असे नाही. लहान मुले आणि वयोवृद्ध यांच्यासाठी हे आकडे वापरू नयेत, कारण त्यांचे शरीर याच्या कितीतरी आधी कोरडे पडते. त्यांच्या बाबतीत मल नेहमीपेक्षा स्पष्टपणे पातळ झाला, की लगेच विचारावे.

तपासणी ४ : शरीर काय सांगते

जिभेवर कोरडेपणा, उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांमध्ये गोळे, हातापायांना मुंग्या, विनाकारण गळून गेल्यासारखे वाटणे आणि गडद पिवळी, थोडीशीच लघवी ही पाणी व मीठ दोन्ही कमी पडल्याची चिन्हे आहेत. दिवसभराची लघवी साधारण ८०० मिलीच्या खाली गेली, तर मूत्रपिंडांपर्यंत पुरेसे पाणी पोहोचत नाही असे समजावे. इलिओस्टोमी झालेल्यांना पुन्हा रुग्णालयात भरती करावे लागण्याच्या प्रमुख कारणांमध्ये शरीर कोरडे पडणे आणि त्यातून मूत्रपिंडांना इजा होणे हे आहे. ती इजा गाजावाजा करत येत नाही. पोट दुखत नाही, ताप नसतो, माणूस फक्त "जरा थकवा आहे" म्हणत पडून राहतो.

यासोबत ताप, थंडी, मळमळ आणि घरातील इतरांनाही जुलाब असतील, तर कारण संसर्गाचे आहे. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात हे विशेष होते. घरातील इतर जण दोन दिवसांत बरे होतील म्हणून आपणही होऊ, असे इलिओस्टोमी असलेल्याने गृहीत धरू नये; पाणी परत शोषून घेणारे मोठे आतडे त्यांच्याकडे आहे, आपल्या वापरात नाही.

तपासणी ५ : तहान लागल्यावर काय पिता?

पातळ आउटपुट, म्हणजे पिशवीत येणारा मल, पातळच राहण्यामागे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेले कारण हेच आहे. पिशवी पाण्याने भरते आहे म्हणून घरचे म्हणतात, "भरपूर पाणी पी." माणूस तांब्या-तांब्या पाणी पितो, पिशवी आणखी वेगाने भरते, तहान आणखी वाढते, आणि आणखी पाणी प्यायले जाते.

याचे कारण आतड्याच्या कामकाजात आहे. लहान आतड्याच्या वरच्या भागाचे अस्तर पाणी व मीठ दोन्ही बाजूंनी सहज जाऊ-येऊ देणारे असते. त्यात बिनमिठाचे पाणी भरपूर आले, की समतोल साधण्यासाठी शरीरातील सोडियम आतड्याच्या पोकळीत उतरते आणि त्याच्या मागोमाग पाणीही उतरते. पुढे मोठे आतडे असते, तर तेथे ते परत मिळाले असते. स्टोमा असताना ते थेट पिशवीत जाते. इलिओस्टोमीच्या एक लिटर मलातून साधारण १०० मिलीमोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक सोडियम निघून जाते, असे धरले जाते. अतिशय गोड पेयांनीही नुकसानच होते, कारण साखरेचा दाट द्राव आतड्यात पाणी ओढून घेतो.

मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र असतील, तर मात्र आतडे ती जोडी मिळूनच शोषते आणि पाणी त्यांच्यासोबत आत जाते. ओआरएस या तत्त्वावर चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ७५ मिलीमोल सोडियम आणि ७५ मिलीमोल ग्लुकोज असते. "ओआरएस तर लहान मुलांना देतात" असे म्हणणारे मला नेहमी भेटतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पटकीच्या रुग्णांना याच तत्त्वावरच्या द्रावणावर जगवले होते आणि त्यांत प्रौढही होते.

म्हणून आउटपुट वाढले असेल तर पुढील बदल करावेत. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट आणावे आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, म्हणजे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने ढवळू नये. तयार मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवर पूर्वी ओआरएस असे छापलेले असे. २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली आहे. तरीही दुकानदाराच्या शब्दावर न जाता घटक वाचूनच घ्यावे. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले द्रावण चालते. सपाट म्हणजे चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून.

हे द्रावण घोट-घोट, दिवसभर प्यावे. साधे पाणी, चहा, कॉफी आणि सरबते यांचे एकूण प्रमाण तेवढ्या दिवसांपुरते कमी करावे. आउटपुट फार वाढलेल्यांना डॉक्टर बहुधा दिवसाला अर्धा ते एक लिटरची मर्यादा घालतात आणि काहींना बाजारातल्या ओआरएसपेक्षा अधिक खारट द्रावण लिहून देतात. मीठ घातलेली तांदळाची पेज आणि मीठ घातलेले पातळ ताक चांगले. नारळपाण्याबद्दल फार विचारले जाते : त्यात पोटॅशियम भरपूर असते, सोडियम अगदी थोडे. ते ओआरएसच्या जागी घेऊ नये.

येथे दोन अपवाद नोंदवते. ज्यांचे आउटपुट ठीक आहे त्यांनी नेहमीसारखे पाणी प्यावे. पाणी कमी करण्याचा सल्ला केवळ वाढलेल्या आउटपुटसाठी आहे. आणि ज्यांना हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी मिठाचे व साखरेचे प्रमाण वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करावा.

तपासणी ६ : औषधांची पिशवी उलटी करा

घरातील सगळी औषधे पलंगावर ओतावीत, काढे आणि चूर्णेही. गेल्या आठ-पंधरा दिवसांत काय नवे सुरू झाले आणि काय बंद झाले, ते पाहावे. प्रतिजैविके, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे आणि उलटीसाठी दिलेले मेटोक्लोप्रमाइड यांनी मल पातळ होऊ शकतो. बराच काळ चाललेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यानेही तसे होते, शिवाय ते अन्य कारणांनीही धोकादायक असते.

त्रिफळा, एरंडेल आणि पोट साफ करणारी चूर्णे यांना इलिओस्टोमीत स्थान नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास असतो आणि ती देताना हेतू चांगलाच असतो, परंतु रेचकाने इलिओस्टोमीचा माणूस काही तासांत कोरडा पडू शकतो. सल्ला कोणाचाही असो, घेऊ नये.

पिशवीत अख्खी गोळी दिसली, तर ती बहुधा आवरण असलेली किंवा सावकाश विरघळणारी गोळी असते. तिचा वरचा पोकळ सांगाडाच बाहेर येतो असेही काही गोळ्यांत होते, पण ते आपल्याला ठरवता येत नाही. गोळीचे छायाचित्र काढून, पाकिटासह, डॉक्टरांना दाखवावे आणि पातळ औषध किंवा लवकर विरघळणारी गोळी मिळेल का, ते विचारावे. गोळी स्वतःच्या मनाने कुटून घेऊ नये. गर्भनिरोधक गोळ्या किंवा फेफऱ्याची औषधे घेणाऱ्यांनी आउटपुट वाढलेले असताना हा प्रश्न जरूर विचारावा, कारण औषध शोषलेच गेले नाही तर ते कळते फार उशिरा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, शरीर कोरडे पडले असताना मूत्रपिंडांना अपाय करतात. त्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

लोपेरामाइड हे आउटपुट कमी करणारे औषध जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतल्यास अधिक उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावे. ताप, मलात रक्त, फुगलेले पोट किंवा अडथळ्याची शंका असताना ते मुळीच घेऊ नये.

तपासणी ७ : ताट

हा भाग लोकांना सर्वांत आवडतो आणि त्याचा परिणाम सर्वांत कमी असतो, म्हणून तो सातव्या क्रमांकावर आहे. मऊ भात, पिकलेले केळे, उकडलेला बटाटा, टोस्ट आणि साबुदाण्याची पातळ न केलेली खिचडी (दाण्याचे कूट बारीक असावे) यांनी मल दाट होण्यास मदत होते. कच्च्या कोशिंबिरी, अति तिखट, तळलेले आणि फार गोड पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत. जेवताना भरपूर द्रव न पिता ते अर्ध्या तासाच्या अंतराने घ्यावे. आउटपुट वाढलेले असताना उपवास करू नये. पोट रिकामे ठेवल्याने आतड्यातील स्राव थांबत नाहीत, मीठ मात्र मिळेनासे होते.

मल सतत तेलकट आणि चिकट येत असेल, वजन उतरत असेल आणि लहान आतड्याचा बराच भाग काढलेला असेल, तर हा ताटातला बिघाड नव्हे; स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पुढील भेटीत तो सांगावा आणि बी-१२ची तपासणीही विचारावी, कारण हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते.

तपासणी ८ : काहीच येत नसेल तर

इलिओस्टोमी सहसा चार-सहा तास पूर्ण शांत राहत नाही. ती शांत असेल आणि पोटात कळा येत असतील, तर अन्नाचा गोळा अडकला असल्याचा संशय घ्यावा. पोटाच्या स्नायूंमधून स्टोमा जेथे बाहेर येतो ती जागा अरुंद असते. तंतुमय, नीट न चावलेले अन्न तेथे अडते. अर्धवट अडथळ्यात घन मल मागे राहतो आणि पाणी वाट काढून येते. त्यामुळे आउटपुट पातळ दिसते आणि माणूस त्याला जुलाब समजून जुलाब बंद करणारी गोळी घेतो. म्हणूनच पातळ मलासोबत कळा, पोट फुगणे किंवा सुजलेला स्टोमा असेल, तर आधी अडथळ्याचा विचार करावा.

या तक्रारीला ऋतू आहेत. पावसाळ्यात भाजलेले कणीस, गणपतीत उकडीच्या मोदकातील ओल्या नारळाचे सारण, थंडीत हुरडा आणि ऊस, उन्हाळ्यात फणस. याशिवाय पॉपकॉर्न, शेंगदाणे, मशरूम, अननस, शेवग्याच्या शेंगा आणि मोसंबीच्या फोडींवरील पापुद्रे. हे सारे आयुष्यभर वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. पहिले सहा-आठ आठवडे टाळावे, नंतर एका वेळी एकच पदार्थ, थोडासा, भरपूर चावून घेऊन पाहावा. मोदक अर्धा खावा, चार नव्हे. कणसाचे दाणे आणि ऊस मात्र सोडून दिलेलेच बरे.

उलटी नसेल आणि दुखणे सोसण्याजोगे असेल, तर पुढील उपाय करून पाहता येतात. घन अन्न पूर्ण बंद करावे. कोमट पाणी, पातळ चहा किंवा मिठाची पेज घोट-घोट घ्यावी. स्टोमा सुजला असेल, तर आधीची बेसप्लेट काढून मोठ्या भोकाची लावावी, कारण घट्ट कड सुजलेल्या स्टोमाला आवळते. गरम पाण्याने अंघोळ करावी किंवा पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवावी, ती चटका बसेल इतकी गरम नको. गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडावे आणि स्टोमाच्या भोवती हलक्या हाताने चोळावे. मधून मधून घरातल्या घरात चालावे. गोळा सुटला की एकदम भरपूर मल येतो, तेव्हा रिकामी पिशवी हाताशी असावी. स्टोमात बोट, नळी किंवा एनिमा घालू नये. रेचक घेऊ नये.

मल येणे थांबल्यापासून सहा तासांत काही सुटले नाही, किंवा त्याआधीच उलटी झाली, तर घरातील उपाय संपले.

कोलोस्टोमी आणि युरोस्टोमी असलेल्यांसाठी

डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत मल बराचसा बांधलेला असतो आणि एक-दोन दिवस न होणे हे नेहमीच्या बद्धकोष्ठासारखे असू शकते. तेथे पाणी आणि तंतुमय पदार्थ वाढवणे योग्य आहे, म्हणजे वर इलिओस्टोमीसाठी लिहिल्याच्या नेमके उलट. पोट फुगून उलट्या होत असतील, तर मात्र नियम तोच. गुदद्वार ठेवलेले असल्यास त्यातून मधून मधून शेंबडासारखा स्राव येतो. आतड्याचा तो भाग वापरात नसला तरी स्राव तयार करतच असतो. त्यात रक्त किंवा पू दिसला, तर दाखवावे.

युरोस्टोमीच्या लघवीत पांढरे धागे दिसणे नैसर्गिक आहे, कारण लघवीची वाट आतड्याच्या तुकड्याची केलेली असते. लघवी गढूळ व उग्र वासाची येत असून सोबत ताप किंवा कमरेत दुखणे असेल, तर संसर्ग समजावा. पिशवीत काही तास लघवीच आली नाही, तर वाट पाहू नये.

येथे थांबा आणि दवाखान्यात जा

- स्टोमा गडद जांभळा, तपकिरी किंवा काळा पडला आहे. रक्तपुरवठा तुटत असल्याचे हे चिन्ह आहे.
- रक्त आतून येते आहे, किंवा दहा मिनिटे दाबूनही थांबत नाही.
- इलिओस्टोमीतून सहा तास काही आले नाही आणि पोटात कळा आहेत. किंवा उलट्या सुरू झाल्या आहेत.
- २४ तासांत २००० मिलीपेक्षा जास्त मल गेला आहे, किंवा ओआरएस घेऊनही आउटपुट आटोक्यात येत नाही.
- भोवळ येते आहे, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो आहे, किंवा सहा-आठ तास लघवी झालेली नाही.
- पातळ मलासोबत जोराचा ताप आहे.
- स्टोमा एकदम नेहमीपेक्षा खूप लांब बाहेर आला आहे आणि आत जात नाही, किंवा त्याभोवती कडक, दुखणारा फुगवटा आला आहे.

रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय दूर असेल, तर शल्यविशारद उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे. तेथून आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून देता येते. तातडीची नसलेली, पण वारंवार होणारी तक्रार असेल, तर मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी स्वतंत्र स्टोमा क्लिनिक असते. आपल्या जिल्ह्यात जवळ कोठे आहे, ते शस्त्रक्रिया केलेल्या विभागात विचारून ठेवावे.

जाताना सोबत डिस्चार्ज कार्ड, चालू औषधे, मोजमाप लिहिलेले कॅलेंडरचे पान आणि किमान दोन जादा पिशव्या, भोक कापलेल्या बेसप्लेटसह, घ्याव्यात. रात्रीच्या वेळी लहान रुग्णालयात आपल्या मापाची पिशवी मिळेलच याची खात्री नसते. तातडीच्या विभागातील डॉक्टर रोज स्टोमा पाहत असतीलच असे नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगावे : "इलिओस्टोमी आहे, मोठे आतडे वापरात नाही, इतके तास काही आलेले नाही," किंवा "इतके मिली गेले आहे." रेचक किंवा एनिमा सुचवला गेला, तर हेच पुन्हा एकदा सांगून शल्यविशारदांना बोलवण्याची विनंती करावी. आउटपुट वाढलेले असेल, तर रक्तातील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासले जाईल का, हेही विचारावे. पिशवीतील शेवटचा मल ओतून न देता तसाच ठेवून गेल्यास डॉक्टरांना तो प्रत्यक्ष पाहता येतो.